आंब्याच्या गर्द सावलीत दरवर्षी परत येणारी फुलं लावायची तर

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. पुण्यात जुना बंगला, मागच्या अंगणात आईंनी लावलेला 40 वर्षांचा आंबा, दक्षिणेला आता 5 मजली बिल्डिंग झाली, त्यामुळे 12 बाय 20 फुटांची जागा जवळजवळ कायम सावलीत. लॉन दोनदा लावलं, दोनदा गेलं. गुलाब नि जास्वंद नुसते लांबडे वाढले, फूल नाही. मग बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघून होस्टाचे कंद ऑनलाइन मागवले, ते कुजले. मागच्या जूनमधे प्रदर्शनातून रानहळद आणली, ती मस्त फुलली, पण डिसेंबरात सगळी वाळली म्हणून माळीकाकांनी उपटून टाकली. आणि आता विचारताय की जंगलात झाडाखाली जशी फुलं दरवर्षी आपली आपण येतात तशी आपल्याकडे जमतात का, की मनी प्लांट लावून मोकळं व्हायचं.

जमतात, नक्की जमतात. मी गेली 22 वर्षं पुण्यात आणि आसपास बागा करून देते, मुळशीकडे माझी छोटी नर्सरी आहे, आणि माझं लहानपण कोकणात गेलंय जिथे पाऊस पडला की घरामागच्या आंब्या-फणसाखाली कुणी न लावता जमीन फुलायची. त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे, उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही सावलीला दोष देताय पण तुमच्या वर्णनावरून मला अडचण वेगळीच दिसतेय. एक म्हणजे आंब्याच्या मुळांमुळे जमिनीत आलेला कोरडेपणा. आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे झाडाचं वर्ष कधी सुरू होतं आणि कधी संपतं हे न बघता आपण बाग बारा महिने हिरवी मागतो. तुमची रानहळद डिसेंबरात मेली नव्हती हो. झोपली होती. ती दर डिसेंबरात अशीच वाळते, माझ्या नर्सरीतली पण वाळते, ताम्हिणीच्या जंगलातली पण वाळते.

हे नीट समजायला होस्टा का गेला ते आधी बघू. युरोप-अमेरिकेतल्या जंगलात थंडीत झाडं निष्पर्ण असतात, बर्फ वितळला की जमिनीत पाणी भरपूर आणि डोक्यावर पानं नाहीत म्हणून ऊन खालपर्यंत येतं, तेव्हा त्या दोन महिन्यांत तिथली ब्लूबेल, ट्रिलियम वगैरे फुलं उरकून घेतात आणि वर पानांची छत्री भरली की थंड होतात. होस्टा जरा उशिरा, उन्हाळ्यात फुलतो, पण त्याचंही हिवाळ्याशिवाय चालत नाही, कित्येक आठवडे सलग थंडी मिळाली तरच त्याचा कोंब नीट जागा होतो. पुण्यात रात्री पारा कधी 10 च्या खाली गेला तरी दुपारी परत 28-30 असतो, त्या कंदाला काही कळतच नाही की हिवाळा आला का गेला. फ्रीजमधे ठेवून वगैरे लोक प्रयत्न करतात, एखादं वर्ष पानं येतात, पुढे कंद बारीक होत जातो. पैसे घालवू नका.

आता आपलं जंगल बघा. सह्याद्रीच्या पूर्वेकडची पानगळीची जंगलं फेब्रुवारी ते मे उघडी असतात, ऊन थेट जमिनीवर, पण तेव्हा पाण्याचा थेंब नाही. म्हणजे तिकडे उजेड आणि पाणी एकत्र येतात वसंतात, आणि आपल्याकडे पाणी येतं जूनमधे, तेव्हा वरती पानंही भरायला लागलेली असतात. म्हणून आपल्या जंगलातल्या जमिनीवरच्या झाडांनी कंदात राहायची सवय लावून घेतलीय. पहिल्या पावसाला उठायचं, जून ते सप्टेंबर फुलायचं, ऑक्टोबरच्या उन्हात पानांनी जेवढं जमेल तेवढं अन्न खाली कंदात भरायचं आणि डिसेंबरपर्यंत वरचं सगळं टाकून द्यायचं. हे वेळापत्रक तुमच्या बागेनं मान्य केलं की अर्धं काम झालं. ज्यांना बारा महिने फुलं हवीत त्यांना मी सरळ सांगते की ही बाग तुमच्यासाठी नाही, पण तुमच्या प्रश्नात "परत येणारी" असा शब्द आहे म्हणून एवढं लिहितेय.

आता तुमच्या जागेचं. सावली किती आहे हे मला फोटोवरून कळणार नाही, ते तुम्हालाच बघायला लागेल, आणि एकदा बघून भागत नाही. पुण्याला 13-14 मेच्या सुमारास आणि परत जुलैच्या शेवटी शून्य सावली दिवस असतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर, आणि मधल्या काळात तर तो भर दुपारी किंचित उत्तरेकडे असतो. तेव्हा दक्षिणेला बिल्डिंग असली तरी तिची सावली दुपारी तुमच्या अंगणात पडत नाही. याउलट डिसेंबरात 5 मजल्यांची सावली 40-50 फूट लांब येते. मग तुमच्याकडे दोन प्रकारच्या जागा निघतील. आंब्याच्या छत्रीखालची, जिथे बारा महिने गडद, आणि छत्रीबाहेरचा पट्टा, जिथे हिवाळाभर सावली पण मे ते जुलै दुपारचं कडक ऊन. त्या पट्ट्यात पीस लिली किंवा फर्न लावली तर मे महिन्यात पानं कागदासारखी होतात आणि लोक म्हणतात सावलीत लावली तरी जळली. तिथे झोपणारी कंदवाली झाडंच बरी, मेमधे ती जमिनीखाली असतात, त्यांना उन्हाचं काय.

छत्रीखाली साधी परीक्षा करा. दुपारी 12 ला आंब्याखाली बसून पेपर वाचा. दिवा न लावता सहज वाचता आला आणि पानांमधून उन्हाचे कवडसे जमिनीवर हलताना दिसले तर फुलं येतील. कवडसा एकही नसेल, सगळं सारखंच काळपट असेल, तर आधी आंब्याच्या खालच्या दोन-तीन फांद्या काढायला लागतील. ते काम फळं उतरली की, जोराचा पाऊस लागायच्या आत, जाणत्या माणसाकडून करून घ्या आणि एका वर्षात फार उघडं करू नका. तुमच्या महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते का तेही आधी विचारून घ्या.

मुळांचं आता. इथे मी स्वतः मोठी चूक केलीय ती सांगते, कारण तीच चूक तुम्ही करायच्या बेतात दिसताय (तुम्ही लिहिलंय की दीड फूट खणून सगळी माती बदलणार). मला या कामात येऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, एका घरी असाच जुना आंबा होता, मी मे महिन्यात माणसं लावून त्याच्याखाली दीड फूट खणून घेतलं, मनगटाएवढी मुळं पहारीनं तोडली, छान लाल माती आणि शेणखत भरलं. पहिल्या पावसाळ्यात सगळं सुंदर दिसलं. दुसऱ्या वर्षी आंब्याची त्या बाजूची मोठी फांदी वाळली, आणि माझ्या नव्या मातीत आंब्यानं केसासारख्या मुळांचं इतकं दाट जाळं केलं होतं की खुरपं आत जाईना. त्या घरातल्या आजींनी ती फांदी तोडताना एक शब्द बोलल्या नाहीत, पण मला ते अजून लागतं. झाडाची पाणी पिणारी बारीक मुळं बहुतेक सगळी वरच्या एक-दीड फुटातच असतात, आणि आपण नेमकी तिथेच कुदळ घालतो.

तेव्हा खणायचं नाही. मी आता काय करते ते सांगते. बुंध्यापासून 3-4 फूट जागा पूर्ण सोडून देते. त्यापुढे खुरप्यानं चाचपून चाचपून दोन मोठ्या मुळांमधले खिसे शोधते, हातभर रुंद, वीतभर खोल, बस. अंगठ्यापेक्षा जाड मूळ लागलं तर सरकायचं, तोडायचं नाही. त्या खिशात कुजलेला पाला निम्मा, तिथलीच माती पाव, आणि उरलेल्या पावात जाड वाळू किंवा बारीक मुरूम, वर एक मूठ निंबोळी पेंड. तुमच्याकडे काळी माती असेल तर वाळू-मुरूम जरा जास्त, कारण काळी माती पावसात चिखल धरते आणि कंद कुजतो. बंगला जुना आहे म्हणताय पण शेजारी बांधकाम झालंय, तर सिमेंटचा राडारोडा कुंपणाकडे टाकलेला असू शकतो, तो आधी उचला.

कुजलेला पाला विकत आणू नका, डोक्यावर आंबा आहे ना. आंब्याचं पान चिवट असतं, तसंच ढीग करून ठेवलं तर कुजायला वर्ष जातं. मी ते वाळलेलं पान पोत्यात भरून पायानं तुडवून चुरा करते, शेणाची स्लरी शिंपडते आणि ओलसर ठेवते, मग 6-8 महिन्यांत काळं भुसभुशीत होतं आणि त्याला पहिल्या पावसात जंगलात येतो तो वास येतो. आणि कृपा करून माळीकाकांना पाला जाळू देऊ नका, झाडून कचऱ्यातही देऊ नका. आंब्याखालची जमीन रोज खराट्यानं झाडून चकचकीत ठेवायची आपल्याकडे सवय आहे, पण जंगलातला पाला कोणी झाडत नाही म्हणून तर तिथली माती तशी असते. फक्त बुंध्याला पाला टेकवून ढीग लावायचा नाही, एखादा फूट मोकळा ठेवा नाहीतर साल कुजते.

आणि जिथे खिसाच सापडत नाही, नुसतं मुळांचं जाळंय, तिथे 8-10 इंची कुंडीत लावा आणि कुंडी पाल्यात अर्धी बुडवून ठेवा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा कुंडी जागच्या जागी फिरवायची म्हणजे आंब्याची मुळं खालच्या भोकातून आत शिरत नाहीत. ही पद्धत दिसायला तेवढी नैसर्गिक नाही पण पहिल्या वर्षी मी सगळ्यांना हीच सुचवते, कारण कुठल्या कोपऱ्यात काय फुलतंय हे कळेपर्यंत कुंड्या हलवता येतात.

आता झाडं. पहिली अर्थात रानहळदच, तुम्ही ती आणलीत म्हणजे तुमची नजर चांगली आहे. आपल्या हळदीची ही जंगलातली बहीण, फुलाचा दांडा पावसाच्या सुरवातीला थेट जमिनीतून येतो, पुढे पानांच्या मधून, वरच्या टोकाला गुलाबी-जांभळी पानं आणि खाली खिशाखिशात पिवळी फुलं. लोक त्या गुलाबी भागालाच फूल समजतात, पण ते दोन-तीन आठवडे टिकतं त्यामुळे काही बिघडत नाही. कंद 2 इंच खोल, एकमेकांपासून फूटभर अंतरावर. कवडसे मिळाले की तिला पुरतं. तिसऱ्या वर्षी एकाचे पाच-सहा होतात.

दुसरा भुईचाफा. याच्यासाठी मी वाट्टेल ते करीन. एप्रिलमधे, कधी मार्चच्या शेवटी, जेव्हा सगळी बाग करपलेली असते आणि त्या जागेवर काही आहे हे आपण विसरलेलो असतो, तेव्हा सकाळी कोरड्या मातीला चीर पडलेली दिसते. दुसऱ्या दिवशी त्या चिरेतून पांढरी पाकळी, तिच्याखाली जांभळी जीभ, पान एकही नाही, दांडा जवळपास नाहीच, फूल सरळ भुईवर ठेवल्यासारखं. वास घ्यायला आडवं व्हावं लागतं. एक फूल दिवसभरात मलूल होतं पण खालून दुसरं येत राहतं. हे सगळं तो मागच्या वर्षीच्या साठवणीवर करतो, पानं येतात पावसात, वरून नक्षीदार आणि खालून जांभळी, आणि ती सुद्धा फुलाइतकीच छान दिसतात. तुमच्याकडे मेमधे दुपारचं ऊन पडणारा जो पट्टा आहे ना, त्याच्या आतल्या कडेला तो लावा, 8-10 इंचावर एकेक. फक्त त्या जागेवरून मार्च-एप्रिलमधे कुणी चालता कामा नये.

पेव आणि सोनटक्का मागे, कुंपणाकडे, कारण दोन्ही उंच. पेव डोक्याइतका होतो, त्याची पानं दांड्याभोवती जिन्यासारखी फिरत जातात आणि लालसर कणसातून पांढरी क्रेप कागदासारखी फुलं येतात, ऑगस्ट-सप्टेंबरात. तो गर्द सावलीतही तग धरतो. सोनटक्क्याला मात्र पाणी जास्त लागतं आणि थोडं ऊन पण, तर जिथे घराचं पागोळीचं पाणी पडतं किंवा नळाजवळ ओल असते तिथे लावा, संध्याकाळी खिडकीतून वास येईल असं बघा. आंब्याच्या मुळांत सोनटक्का लावून फुलला नाही अशी तक्रार मला दरवर्षी दोन-तीन जण तरी करतात. तो ओढ्याकाठचा माणूस आहे, कोरड्यात कसा रमेल.

बाहेरून आलेल्यांपैकी दोन मी आनंदानं लावते. फुटबॉल लिली, मूळची आफ्रिकेतली पण आपल्या जुन्या वाड्यांत इतकी रुळलीय की आपलीच वाटते, मेमधे वळवाचा पाऊस पडला की लाल गोळा वर येतो. आणि युचारिस, दक्षिण अमेरिकेतली, पांढरी सुवासिक, ती झोपत नाही, बारा महिने हिरवी, तिला कुंडीत दाटीवाटीनं राहायला आवडतं आणि सारखं काढून वेगळं केलं की रुसते. युचारिसला तीन-चार आठवडे पाणी कमी करून मग परत नीट द्यायला लागलं की बहुतेक वेळा दांडे येतात. दोन्हींचा कांदा लावताना मान मातीच्या बरोबरीला.

कळलावीचं लोक फार विचारतात. सुंदर आहे, पण ती जंगलाच्या कडेची वेल आहे, तिला ऊन लागतं, आणि तिचा कंद विषारी असतो, खरं तर सगळंच झाड. घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल तर मी देतच नाही. लावायचीच असेल तर तिचा व्ही आकाराचा कंद आडवा ठेवायचा आणि टोकं जपायची, कोंब टोकालाच असतो, टोक मोडलं की संपलं.

सापकांदा (नागाच्या फण्यासारखं फूल येणारं जंगली कंदाचं झाड) आणि जंगलातल्या जमिनीवरच्या ऑर्किडच्या मागे लागू नका. त्या ऑर्किडची मुळं मातीतल्या ठरावीक बुरशीवर जगतात, ती बुरशी तुमच्या अंगणात नाही, झाड एक पावसाळा दिसेल आणि जाईल. पावसाळ्यात घाटरस्त्यावर पोत्यात भरून कंद विकायला बसलेले असतात तेही घेऊ नका असं मी हात जोडून सांगते. पश्चिम घाट 2012 साली जागतिक वारसा यादीत गेला त्याचा आपण अभिमान सांगतो आणि त्याच घाटातून उपटलेलं शंभर रुपयांत घरी आणतो. ओळखायचं कसं, तर नर्सरीत वाढलेलं रोप पिशवीत मुळं धरून असतं, हलवलं तर माती सुटत नाही. उपटून आणलेल्याची मुळं ताजी तुटलेली असतात आणि माती नुसती वरून लावलेली असते. विकणाऱ्याला विचारा की हे तुझ्याकडे किती वर्षं आहे, ज्यानं स्वतः वाढवलंय तो उत्साहानं सांगतो.

बरं मग डिसेंबर ते मे तिथे काय बघायचं? हा प्रश्न तुमच्या घरात येणारच. यासाठी झोपणाऱ्यांच्या मधेमधे न झोपणारे बसवायचे. छत्रीखाली फर्न, पीस लिली, युचारिस. जिथे थोडा उजेड जास्त तिथे अबोली, ती अर्ध्या सावलीत वर्षातले बरेच महिने फुलते आणि तुमच्या आईंना गजऱ्याला फुलं होतील. कडेला सुदर्शन. मी साधारण दोन झोपणारे आणि एक न झोपणारं असं प्रमाण ठेवते, पण ते तुमच्या आवडीवर आहे.

पाण्याचं नीट वाचा, कारण सावलीतले कंद बहुतेक वेळा जादा पाण्यानं मरतात, कमी पाण्यानं नाही. जून-जुलैत काही द्यायचं नाही असं वाटतं, पण पुण्याचा पाऊस म्हणजे कित्येक दिवस नुसती भुरभुर, ती आंब्याच्या पानांवरच अडकते आणि खाली माती कोरडी. छत्री घेऊन गेल्यावर बाहेर चिखल आणि आंब्याखाली धूळ असं मी स्वतः बघितलंय. तर बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तर भर पावसाळ्यात पण पाणी द्या. ऑक्टोबरात आठवड्यातून दोनदा. पानं पिवळी पडायला लागली की आठवड्याला एकदा. आणि पान पूर्ण वाळलं की बंद. पूर्ण बंद, पहिल्या पावसापर्यंत. मधे लावलेल्या फर्नला पाणी द्यायचंय तर झारीनं तिच्याच बुडाशी द्या, पाईप धरून सगळीकडे मारू नका. बोअरचं पाणी जड असेल तर युचारिस आणि पीस लिलीच्या पानांच्या कडा तपकिरी होतील, त्यांना शक्य तेव्हा पावसाचं साठवलेलं द्या.

झोपलेल्या कंदाची खात्री पटत नाही हे मला माहितेय. माझ्या एका ताईंना पटत नव्हतं, त्या रोज जानेवारीत रिकाम्या कुंडीला पाणी घालायच्या, शेवटी मी त्यांच्यासमोर एक कुंडी कागदावर उपडी केली. कोरडी माती सुटली आणि आत रानहळदीचा गड्डा, बोटाएवढा, टणक, आणि त्याच्या मुळांच्या टोकांना मोत्यासारखे लांबट पांढुरके गोळे लोंबत होते, पाण्यानं टच्च भरलेले. एक गड्डा नखानं खरवडून त्यांच्या नाकाशी धरला, हळदीचा-कापराचा असा मिश्र वास. त्या म्हणाल्या अगं हे तर जिवंत आहे. परत तसाच कोरड्या मातीत ठेवला आणि जूनमधे त्याला तीन कोंब आले. शेजारच्या कुंडीला त्यांनी महिनाभर पाणी घातलं होतं, तिच्यातला गड्डा दाबल्यावर बोट आत गेलं.

म्हणून पानं वाळायला लागली की प्रत्येक जागेवर एक काडी रोवा आणि तिला रंगीत सुतळी बांधा. माळीकाकांना सांगा की सुतळीच्या वीतभर आसपास खुरपं नाही, पाणी नाही.

किडीचं फार नाही. जून-जुलैत लिलीवर्गाच्या पानांवर काळ्या, पांढऱ्या-लाल ठिपक्यांच्या अळ्या येतात, दोन दिवसांत पान फस्त करतात, त्या हातानं वेचा, औषध मारायची गरज पडत नाही. शंखी गोगलगाई असतील तर रात्री टॉर्च घेऊन हातमोजे घालून गोळा करायच्या, कोबीची किंवा पपईची पानं ठेवली की तिथे जमतात. घुशींचा त्रास असेल तर मात्र कंदाभोवती बारीक जाळी घालून लावा, घूस भुईचाफा एका रात्रीत साफ करते.

तुम्ही आता एप्रिलअखेर विचारताय, वेळ अगदी बरोबर आहे. मेमधे खिसे शोधून पाला-मुरूम भरून ठेवा, वर 2-3 इंच पाला पसरा. लावायचं ते दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती आतपर्यंत भिजली की, घाई नको. पहिल्या वर्षी रानहळद 6, भुईचाफा 6, पेव 2, युचारिसच्या 2 कुंड्या आणि फर्न एवढंच करा, एकदम सगळी जागा भरू नका. पहिल्या पावसाळ्यात बाग विरळ दिसेल, तिसऱ्याला हात घालायला जागा राहणार नाही.

आणि एक राहिलं. माळीकाकांनी रानहळद उपटली म्हणालात, तर त्यांना नक्की विचारा की हातात गड्डा आला होता का नुसती वाळलेली पानं. डिसेंबरात तिचं पान बुडाशी इतकं सुटं झालेलं असतं की ओढलं की तेवढंच हातात येतं आणि कंद खाली तसाच राहतो. तुम्ही त्यानंतर तिथे काही लावलं नाही, पाणीही घातलं नाही असं लिहिलंय. त्या कोपऱ्यात आत्ता कुदळ लावू नका, जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत थांबा, आणि गुलाबी टोक दिसलं तर इथे फोटो टाका.